लंडनमधली म्युझियम न दमता कशी पाहावीत

आईबाबा पहिल्यांदा लंडनला आले तेव्हा मी त्यांना एका दिवसात तीन म्युझियम दाखवली. सकाळी ब्रिटिश म्युझियम, दुपारी नॅशनल गॅलरी, संध्याकाळी साउथ केन्सिंग्टन. रात्री जेवताना विचारलं, काय आवडलं? बाबा म्हणाले, "तो खिडकीपाशी बाक होता ना, तो." आई गुडघ्याला तेल चोळत होती. ती काहीच बोलली नाही, त्यावरून काय ते समजलो. त्यानंतर पुण्या-नाशिकहून आलेले बरेच पाहुणे मी याच म्युझियममधून फिरवले आणि दर खेपेला बेत थोडा छाटत गेलो. छाटून उरलेला बेत खाली देतोय.

आपली अडचण अशी, की आपल्याला पैसे वसूल करायची सवय असते. तिकीट काढलं की शेवटच्या दालनापर्यंत जायचंच, लग्नाच्या पंगतीत बसल्यावर जिलबी सोडायची नाही तसं. पण लंडनमधली मोठी राष्ट्रीय म्युझियम फुकट आहेत. जिथे पूर्वी तिकीट होतं तेही डिसेंबर २००१ मध्ये रद्द झालं. दारात देणगीची पेटी असते, पाच पौंड टाका अशी विनंती असते, सक्ती नसते. म्हणजे वसूल करायला काही नाहीच. पाऊण तासात कंटाळा आला तर बाहेर पडावं, कॉफी प्यावी, परवा परत यावं. फुकट प्रवेशाचा खरा फायदा आत जाण्यात नसून वाटेल तेव्हा बाहेर पडता येण्यात आहे. म्हणून माझा नियम: दिवसाला एकच मोठं म्युझियम, जास्तीत जास्त दोन तास, आणि आधी ठरवलेल्या पाच-सहा वस्तू. वाटेत आणखी काही आवडलं तर तो बोनस.

निघण्यापूर्वी

युरोपच्या टूरवर येणारे लोक हमखास एक चूक करतात. शेंगेन व्हिसावर ब्रिटनमध्ये येता येत नाही. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा वेगळा काढावा लागतो, त्याचा अर्ज आणि फीही वेगळी. पॅरिसहून रेल्वेने दोन-सव्वादोन तासांत लंडन येतं हे खरं, पण गाडीत बसण्याआधी पॅरिसच्या स्टेशनवरच ब्रिटिश अधिकारी पासपोर्ट पाहतात.

कधी यावं? उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे म्युझियम पाहूनही संध्याकाळ हातात राहते. डिसेंबरात चारलाच अंधार पडतो; पण भटकायचं म्युझियममध्येच असेल तर हिवाळाही वाईट नाही, गर्दी कमी असते. मात्र २४ ते २६ डिसेंबर बहुतेक म्युझियम बंद असतात आणि २५ तारखेला तर लंडनमध्ये बस धावते ना ट्यूब, म्हणजे इथली भुयारी रेल्वे. इथल्या शाळांना फेब्रुवारीत, मेअखेरीस आणि ऑक्टोबरअखेरीस आठवडाभर सुट्टी असते. त्या आठवड्यांत डायनोसॉर पाहायला जाणं म्हणजे गणपतीत लक्ष्मी रोडवर गाडी घालणं.

राहायची जागा शोधताना मी पाहुण्यांना एकच गोष्ट सांगतो: पिकॅडिली लाइन धरा. ट्यूबच्या नकाशावरची ती गडद निळी रेघ. हीथ्रो विमानतळावरून निघते आणि न बदलता हॅमरस्मिथ, साउथ केन्सिंग्टन, लेस्टर स्क्वेअर, होबर्न, रसेल स्क्वेअर, किंग्ज क्रॉस करत जाते. या लेखातली निम्मी ठिकाणं त्या एका रेघेवर आहेत. मध्यवर्ती हॉटेलं परवडत नसतील तर हॅमरस्मिथच्या बाजूला पाहा.

प्रवासाला वेगळं तिकीट लागत नाही. परदेशी व्यवहार सुरू केलेलं कॉन्टॅक्टलेस व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालतं, नाहीतर ऑयस्टर, म्हणजे पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड, घ्यावं. प्रत्येक माणसाला स्वतःचं कार्ड लागतं. एका कार्डावर नवराबायको जाऊ शकत नाहीत. ट्यूबमध्ये शिरताना आणि उतरल्यावर, दोन्हीकडे कार्ड टेकवायचं. बसमध्ये फक्त चढताना. उतरताना ट्यूबला टेकवायला विसरलात तर जास्तीचे पैसे कापले जातात. आणि सकाळी फोन टेकवला, दुपारी कार्ड, असं करू नका. दिवसभराच्या भाड्याला एक कमाल मर्यादा असते, ती एकाच साधनावर मोजली जाते. फोनमध्ये तेच कार्ड असलं तरी यंत्राला ती दोन माणसं वाटतात. बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत. तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकदाच पडतं. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत फुकट. अकरा ते पंधरा वयाच्या मुलांच्या ऑयस्टरवर स्टेशनातला कर्मचारी यंग व्हिजिटर सवलत चढवून देतो. मागावी लागते, आपणहून कोणी देत नाही.

शेवटची तयारी: फुकट असलं तरी वेळेचं तिकीट वेबसाइटवर आधी काढून ठेवा. ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्टरी आणि सायन्स म्युझियमला ते हवंच असं समजा. किंमत शून्य, पण रांग निम्मी होते. मोठ्या बॅगा घेऊन कुठेच जाऊ नका. परतीच्या विमानाच्या दिवशी सूटकेस ओढत ब्रिटिश म्युझियमच्या फाटकापर्यंत आलेली कुटुंबं मी तिथून परत फिरताना पाहिली आहेत.

ब्रिटिश म्युझियम: कुठून शिरायचं

१७५३ साली स्थापन झालेलं आणि १७५९ मध्ये लोकांसाठी उघडलेलं हे म्युझियम रोज दहा ते पाच उघडं असतं, शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत. शुक्रवारी पाचनंतर जा. शाळांच्या सहली गेलेल्या असतात आणि दालनांत आपल्या बुटांचा आवाज ऐकू येतो.

सगळे ग्रेट रसेल स्ट्रीटवरच्या खांबांच्या भव्य दरवाज्याकडे जातात. मागे माँटेग्यू प्लेसवर दुसरं दार आहे, तिथे रांग सहसा लहान असते. शिवाय त्या बाजूने शिरलं की ३३ क्रमांकाचं दालन जवळ पडतं: चीन आणि दक्षिण आशिया. नटराजापाशी थांबा, मग कडेच्या ३३अ मध्ये जा. काचेआड आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचे पांढरट चुनखडीचे शिल्पपट आहेत. आपण कार्ले-भाज्याला पाहतो तो स्तूप डोंगरातून कोरून काढलेला, जवळजवळ उघडाबोडका. अमरावतीचा स्तूप बाहेरून दागिन्यांनी मढवल्यासारखा होता. तो कसा दिसत असेल, तेही एका शिलेवर कोरलेलं आहे. ती शिला आधी शोधा, मग बाकीचे तुकडे कुठे बसायचे ते आपोआप कळतं.

तिथून ४ क्रमांकाच्या दालनात रोझेटा शिळा. इसवीसनपूर्व १९६ चा हुकूमनामा, तीन लिप्यांत. त्यातली ग्रीक वाचता येत होती म्हणून इजिप्तच्या चित्रलिपीचं कुलूप उघडलं. समोर फोन उंचावलेल्या हातांचं जंगल असतं. घाम गाळू नका. १ क्रमांकाच्या दालनात तिची हुबेहूब प्रतिकृती आहे, तिच्याभोवती फारसं कोणी नसतं आणि तिला हातही लावता येतो. मुलांना तीच जास्त आवडते.

मग १० क्रमांक. माझ्या मते सगळ्या इमारतीतली सर्वांत थरारक भिंत इथे आहे. इराकमधल्या प्राचीन निनवेच्या राजवाड्यातली, असुरबानिपाल राजाच्या सिंहाच्या शिकारीची, इसवीसनपूर्व सातव्या शतकातली. शिल्पकाराने राजाची वेणीदार दाढी नेमाने कोरली आहे, पण जीव ओतलाय तो मरणाऱ्या सिंहांत. पाठीत बाण घुसलेली, मागचे पाय फरफटत नेणारी एक सिंहीण आहे. तिच्यापुढे लोक आपोआप गप्प होतात. शेजारी १८ क्रमांकात ग्रीसच्या पार्थेननची शिल्पं. लॉर्ड एल्गिनने ती अथेन्सहून आणली, १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारने विकत घेतली, आणि ग्रीस ती कधीची परत मागतोय. तिथे उभं राहिलं की आपल्यालाही आपल्या काही वस्तू आठवतातच. त्याकडे येतो.

पाय शिल्लक असतील तर वरच्या मजल्यावर ४० क्रमांकात स्कॉटलंडच्या लुइस बेटावर सापडलेली बाराव्या शतकातली बुद्धिबळाची प्यादी-मोहरी पाहा, वॉलरसच्या दातांची. राणी गालाला हात लावून बसली आहे, घरात कोणीतरी दूध उतू घालवल्यासारखी. ममी ६२ आणि ६३ मध्ये आहेत. तिथे गर्दी कायमच, म्हणून त्या सकाळी उघडल्याउघडल्या किंवा शुक्रवारी रात्री.

निघताना मधल्या काचेच्या छताच्या चौकात पाच मिनिटं बसा. मधोमध जी गोल इमारत आहे ती १८५७ ची रीडिंग रूम. १९९७ पर्यंत ब्रिटिश लायब्ररीचं वाचनालय इथे होतं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना डॉ. आंबेडकर सकाळी दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत याच गोलाकार खोलीत वाचत बसत. माझ्यासोबतचे पाहुणे रोझेटापाशी फोटो काढतात, इथे मात्र टोपी काढतात.

साउथ केन्सिंग्टन: एका रस्त्यावर तीन, निवडायचं एक

स्टेशनातूनच एक जमिनीखालचा बोगदा म्युझियमांकडे जातो, पावसात भिजायला होत नाही. बोगद्याच्या पलीकडे नॅचरल हिस्टरी, सायन्स आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. तिन्ही एका दिवसात, हा मोह टाळा. लहान मुलं असतील तर नॅचरल हिस्टरी: १८८१ ची इमारत बघण्यासारखी आहेच, मधल्या हॉलमध्ये निळ्या देवमाशाचा पंचवीस मीटरचा सांगाडा डोक्यावर झेपावतो. जरा मोठी, यंत्रांत रमणारी असतील तर सायन्स म्युझियम. चंद्राला प्रदक्षिणा घालून आलेल्या अपोलो १० चं भाजलेलं यान तिथे आहे. आणि इंजिनिअर बाबा असतील तर त्यांना ‘पफिंग बिली’पाशी सोडा, आजवर टिकलेलं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं रेल्वे इंजिन. दोन्हीकडे घरून नेलेला डबा खायला जागा आहे.

मोठ्यांसाठी मात्र व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. सगळे याला ‘व्ही अँड ए’ म्हणतात. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम पाहिलं असेल तर ओळखीचं वाटेल. १८७२ मध्ये उघडलेल्या त्या म्युझियमचं नाव १९७५ पर्यंत व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच होतं. शुक्रवारी हे रात्री दहापर्यंत उघडं असतं, एरवी पावणेसहापर्यंत.

आता वाघनखं. मराठी पाहुणा व्ही अँड एच्या दारात पहिला प्रश्न तोच विचारतो. जुलै २०२४ पासून ती तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आणली गेली, पहिलं प्रदर्शन साताऱ्यात झालं. म्हणून लंडनला यायच्या आधी ती सध्या कुठे आहेत ते बघून घ्या. दुसरी गोष्ट: साताऱ्याचा ब्रिटिश अधिकारी आणि मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक जेम्स ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या वंशजांमार्फत ही नखं म्युझियमकडे आली. ती अफजलखानाच्या वेळचीच आहेत याची खात्री करता आलेली नाही, असं म्युझियम स्वतः सांगतं. ते ऐकून रागावणारे असतात, मीही एकदा होतो. पण वस्तू काय सांगते आणि तिच्यासोबतच्या पेटीवर लिहिलेला मजकूर काय सांगतो, यात फरक करणं हे म्युझियमचं कामच आहे.

दक्षिण आशियाच्या दालनातलं आकर्षण म्हणजे टिपूचा वाघ: लाकडी वाघ एका गोऱ्या सैनिकाच्या छाताडावर बसलाय आणि वाघाच्या पोटात ऑर्गन. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो इथे आला. महाराजा रणजितसिंहांचं सोन्याच्या पत्र्याचं सिंहासन आणि शहाजहानचा पांढऱ्या जेडचा, बोकडाच्या मानेचा प्यालाही या संग्रहातलेच. या दालनाच्या नूतनीकरणाचं काम म्युझियमने हाती घेतलंय, म्हणून आदल्या रात्री वेबसाइटवर वस्तूचं नाव टाकून ती कुठे मांडली आहे ते शोधा. ही सवय सगळ्याच म्युझियमना लावा. गेलो आणि वस्तू दौऱ्यावर, असं वरचेवर होतं.

एक गोष्ट दिसणार नाही, पण माहीत असावी. मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्या इथे पाठवल्या, आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या कितीतरी जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिलच्या नकला १८६६ मध्ये लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या होत्या. वाचलेल्या नकला आजही या म्युझियमकडे आहेत.

पाहण्यासारखं: इराणचा आर्दबिल गालिचा. रंग उडू नयेत म्हणून त्यावरचे दिवे मंद ठेवतात आणि दर अर्ध्या तासाला दहाच मिनिटं उजळतात. घड्याळ लावून जा. मग कास्ट कोर्ट्स: मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची पूर्ण आकाराची प्लॅस्टरची प्रतिकृती आणि छतात मावेना म्हणून दोन तुकड्यांत उभी केलेली रोमच्या ट्राजन स्तंभाची प्रतिकृती. दमलात की कॅफेत. तीन जुन्या रंगीत खोल्या, जगातला पहिला म्युझियम-कॅफे म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. चहा महाग आहे, पण छत बघत प्यायला हरकत नाही. बाहेर पडताना एक्झिबिशन रोडच्या बाजूची भिंत बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बचे घाव तसेच ठेवले आहेत.

कापडांत जीव असलेल्यांनी एक दिवस वेगळा काढावा. मे २०२५ मध्ये याच म्युझियमचं स्टोअरहाउस पूर्व लंडनमध्ये स्ट्रॅटफर्डच्या बाजूला उघडलं. संग्रहातली वस्तू आधी मागवून ठेवली तर टेबलावर काढून दाखवतात, तीही फुकट. निदान दोन आठवडे आधी नोंद करा.

ट्रफाल्गर स्क्वेअर आणि नदी

नॅशनल गॅलरीत चित्रांचा महासागर आहे, म्हणून मी तीनच चित्रं सांगतो. व्हॅन आइकचं १४३४ मधलं आर्नोल्फिनी दांपत्य: मागच्या बहिर्गोल आरशात दारातून येणारे दोन पाहुणे दिसतात का बघा. होल्बाइनचे ‘राजदूत’, १५३३: खाली जे तिरकं पांढरट काहीतरी फासलंय, ते चित्राच्या उजव्या कडेला जाऊन तिरपं पाहिलं की कवटी होते. आणि व्हॅन गॉगची सूर्यफुलं, जी पाहिल्याशिवाय कोणी सोडणार नाहीच. शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं.

संध्याकाळी सेंट पॉल्स कॅथीड्रलकडून पादचारी पुलाने नदी ओलांडा, समोर टेट मॉडर्न. जुनं वीजकेंद्र, २००० साली म्युझियम झालेलं. आधुनिक कला कळत नाही म्हणणाऱ्यांनीही आतल्या टर्बाइन हॉलचा अजस्र रिकामेपणा पाहावा. सेंट पॉल्सला दिवसा तिकीट आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेला बसलात तर नाही. फिरता येत नाही, पण त्या घुमटाखाली गायकवृंद ऐकायला मिळतो.

छोट्या म्युझियममध्ये माझं लाडकं सर जॉन सोन यांचं घर, होबर्नजवळ लिंकन्स इन फील्ड्सला, बुधवार ते रविवार. या वास्तुशिल्पकाराने घर आणि संग्रह जसाच्या तसा राहावा म्हणून १८३३ मध्ये संसदेकडून कायदाच करून घेतला. चित्रांच्या खोलीत भिंती कपाटाच्या दारांसारख्या उघडतात आणि आत आणखी चित्रं. तळघरात फेरो सेती पहिला याची दगडी शवपेटी आहे. बोळ इतके अरुंद, की पाठीवरची सॅक घेऊन वळताही येत नाही.

पैसे मोजायचे तर कुठे

टॉवर ऑफ लंडन. माणशी तीस पौंडांच्या वर जातात, पण कोहिनूर तिथेच आहे. १८४९ मध्ये लाहोरहून बालराजा दुलीपसिंहांकडून घेतलेला, आता राजमातेच्या १९३७ च्या मुकुटात. दार उघडताच आधी रत्नांकडे चालू लागा, बाकी किल्ला नंतर. मुकुटांपुढे सरकता पट्टा आहे, उभ्याउभ्या पुढे नेतो. गर्दी नसेल तर परत मागे जाऊन दोनदा बसता येतं. त्यानंतर रखवालदारांची फेरी गाठा, ती तिकिटातच येते आणि ही मंडळी कीर्तनकाराच्या तोडीचे गोष्टी सांगणारे असतात. इथे मात्र पैसे वसूल करा.

पोट आणि पाय

दालनांत खाता येत नाही. ठेपले-पराठे नेले तर बाहेरच्या बाकांवर किंवा चौकात खा. युस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी भारतीय जेवण मिळतं, ब्रिटिश लायब्ररीहून चालत जाता येतं. लायब्ररीत मॅग्ना कार्टा आणि गुटेनबर्ग बायबल एकाच अंधाऱ्या खोलीत फुकट दिसतात, तेव्हा जेवणाआधी तासभर तिथे. ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर मोठ्या म्युझियममध्ये मिळते. लाजू नका, आईने दुसऱ्या खेपेला घेतली आणि पहिल्यांदाच सगळं नीट पाहिलं. स्टेशनांत मात्र सगळीकडे लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर ट्यूबपेक्षा बस, आणि वरच्या मजल्यावर पुढची सीट हेही एक म्युझियमच.

शेवटचा दिवस, पायी

वॉरिक अव्हेन्यू स्टेशनवर उतरून १०, हौली प्लेस गाठा. १९१८-१९ मध्ये लोकमान्य टिळक या घरात राहत होते, भिंतीवर गोल निळी पाटी आहे. घरात लोक राहतात, तेव्हा फोटो समोरच्या फुटपाथवरून. तिथून जवळच लिट्ल व्हेनिसला कालवा लागतो. त्याच्या काठाने रीजेंट्स पार्ककडे चालत सुटा. मध्ये थोडा वेळ रस्त्यावर चढावं लागतं, मग पुन्हा पाणी, होड्या, प्राणिसंग्रहालयाचे पिंजरे. साधारण तासाभराने प्रिमरोज हिलच्या बाजूला १०, किंग हेन्रीज रोड. इथे १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर राहत, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घर विकत घेऊन स्मारक केलं. उघडं असण्याच्या वेळा आधी पाहून घ्या. बंद असलं तर प्रिमरोज हिल पाच-दहा मिनिटांवर आहे. वरून सगळं लंडन दिसतं आणि बसायला बाक आहेत. बाबांना ते साउथ केन्सिंग्टनच्या बाकापेक्षाही आवडले.